एक जास्तीचा फ

मुलाखतीच्या दिवशी डॉ. मुकुंद आगटे यांनी माझं संस्कृत एम.ए.चं प्रमाणपत्र हातात घेतलं, खुर्चीतून उठले, खिडकीशी गेले आणि ते उजेडात धरून कागदात कुठे खाडाखोड दिसते का ते पाहू लागले. दिसली नसावी. वळून त्यांनी विचारलं, "पुण्याच्या का तुम्ही?"

"हो सर."

"पुण्यात कुठे?"

"कोथरूड."

"कोथरूड म्हणजे पुणे नव्हे. मी सोडलं तेव्हा तरी नव्हतं." एवढं बोलून ते परत खुर्चीत बसले. "तुम्हाला इथे कुणी पाठवलं?"

मी म्हटलं, कुणी नाही, वाचनालयातल्या फलकावर चिठ्ठी पाहिली.

"कुठली चिठ्ठी? कुणी लावलेली?"

चिठ्ठी त्यांनीच लावली होती. खाली त्यांचंच नाव होतं. तरीही ते रस्ता ओलांडून वाचनालयात गेले, चिठ्ठी अजून जागेवर आहे आणि तीत मी म्हणते तेच लिहिलंय याची खात्री करून आले, आणि मगच मला नोकरी मिळाली.

हे दोन हजार दोन-तीनच्या सुमाराचं. निखिल, माझा नवरा, हायडेलबर्गजवळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. ईरा, आमची मुलगी, किंडरगार्टनमध्ये जाऊ लागली होती आणि मी मराठीत विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला जर्मनमध्ये उत्तर देत होती. मी पस्तिशीची, घरात बसून कंटाळलेली. संस्था हायडेलबर्गमध्येच, छोटीशी, कुणा जुन्या धनिकाच्या देणगीवर चालणारी. तीन खोल्या, एक जिना, सहा माणसं. तिथे प्राचीन इटलीतल्या भाषांवर काम चाले. लॅटिनवर नव्हे, लॅटिनच्या आजूबाजूला बोलल्या जाणाऱ्या, पुढे तिने गिळून टाकलेल्या भाषांवर. ऑस्कन, उंब्रियन, आणि आगटेसरांची फालिस्कन.

फालिस्कन ही लॅटिनची सगळ्यांत जवळची बहीण. रोमच्या उत्तरेला, पायी दोन दिवसांच्या अंतरावर त्या लोकांचं गाव होतं. रोमनांनी ते जिंकलं, पाडलं, माणसांना डोंगरावरून उचलून सपाटीवर नेऊन बसवलं. दोन-तीन पिढ्यांत भाषा संपली. एक बहीण साम्राज्याची भाषा झाली, दुसरी भांड्यांवर आणि थडग्यांवर उरली. लॅटिनमध्ये जिथे 'ह' तिथे हे लोक पुष्कळदा 'फ' म्हणत, आणि कधी त्याच्या उलट. त्यांच्या एका प्याल्यावर कोरलेलं वाक्य सरांनी मला पहिल्याच दिवशी वाचून दाखवलं: फोइएद विनो पिपाफो, क्रा कारेफो. आज वाइन पिईन, उद्या मुकेन.

"पिपाफो," ते म्हणाले, "काय आठवतं?"

"पिबामि."

"हं." माझ्या पदवीवर त्यांचा तेव्हा थोडा विश्वास बसला असावा.

काम सोपं होतं. सरांनी तीस वर्षं हाताने लिहिलेल्या कार्डांचे खण होते, ती कार्डं संगणकात भरायची. पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की प्रत्येक खणात एक कार्ड चुकीच्या जागी आहे. मी बिनदिक्कत ते उचलून योग्य जागी लावलं. दुसऱ्या दिवशी सर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"सोमणबाई, 'क'च्या खणातलं सातवं कार्ड तुम्ही हलवलंत."

"ते चुकीच्या ठिकाणी होतं, सर."

"ते मी ठेवलं होतं. कुणी खणाला हात लावला तर कळावं म्हणून." मग म्हणाले, "योग्य ठिकाणी लावणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं. बाकीच्यांना कळतसुद्धा नाही."

माझ्या माहितीत त्यांनी कुणाची केलेली ही सर्वांत मोठी स्तुती.

दिसायला ते बारीक, ताठ, सत्तरीला टेकलेले. उन्हाळा असो की हिवाळा, गळ्याशी बटण लावलेला राखी कोट. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायचे. 'पुरावा?' हा त्यांचा आवडता शब्द. मराठीत, जर्मनमध्ये, प्रसंगी लॅटिनमध्येही. इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरने जिन्यात 'आज दुपारी पाणी येणार नाही' असा कागद लावला की सर शेजारच्या इमारतीत जाऊन तिथेही तसा कागद आहे का ते बघून यायचे. गाडीचं वेळापत्रक, औषधाच्या बाटलीवरची सूचना, कुणी दिलेल्या शुभेच्छा, सगळ्यांना एकच माप. माझ्या हातच्या चकलीबद्दल त्यांनी "खुसखुशीत आहे" असं म्हटलं, ते दुसरी खाऊन पाहिल्यावर.

एका वर्षी मी त्यांना आमच्या गणपतीला नेलं. मंडळाचा हॉल भाड्याचा होता, मानहाइमहून, कार्ल्सरूहहून माणसं आली होती. जेवणाच्या रांगेत मोटारींच्या कंपनीतल्या एका इंजिनिअरसाहेबांशी सरांची गाठ पडली. साहेबांना कळलं की हे भाषांवर काम करतात, तेव्हा ते उत्साहाने म्हणाले, "म्हणजे तुम्हाला माहीतच असेल! लॅटिन ही संस्कृतापासूनच निघाली. पितर, पातेर. मातर, मातेर. गेनाऊ, अगदी तेच शब्द!"

सरांनी ताटातली कोशिंबीर बाजूला सारली. "तुम्हाला चुलतभाऊ आहे?"

"आहे ना."

"नाक सारखं आहे दोघांचं?"

"थोडंफार आहे."

"मग तुमच्यापैकी बाप कोण?"

रांगेतले चार जण हसले, साहेब हसले नाहीत. पुढल्या वर्षी मंडळाकडून सरांना आमंत्रण गेलं नाही, आणि सरांनी त्यावर मला विचारलं, "मुद्दाम वगळलं, की विसरले? मुद्दाम असेल तर बरं. विसरले असतील तर अपमान आहे."

असा हा माणूस. त्यांच्या आयुष्यातला एकमेव मोठा लेख, त्यांच्या भाषेत 'तो लेख', सत्तरच्या दशकात छापून आला होता. त्यांचं म्हणणं होतं, की फालिस्कन लोक 'मी जाईन' हे 'एफो' असं म्हणत असले पाहिजेत. कुठल्याही भांड्यावर, थडग्यावर तो शब्द सापडलेला नव्हता. केवळ तर्क. पुरावा नसलेल्या शब्दाच्या डोक्यावर भाषाशास्त्रात एक बारीक चांदणी छापतात, तशी त्याच्याही डोक्यावर चांदणी होती. मोठ्या लोकांनी तो तर्क हसण्यावारी नेला, आणि नंतर त्याचा उल्लेखही कुणी केला नाही. तीस वर्षं सर त्या चांदणीखाली जगले.

आणि मग तो प्याला आला.

आमच्या संस्थेच्या प्रमुख फ्राउ केलर यांच्या ओळखीचे एक निवृत्त दंतवैद्य होते. त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद होता. त्यांच्याकडचा एक काळा मातीचा प्याला त्यांनी अभ्यासासाठी संस्थेला दिला. कानाच्या खाली ओरखडून चार शब्द लिहिले होते. फ्राउ केलर यांनी ते वाचले, पुन्हा वाचले, आणि धावत आमच्या खोलीत आल्या. बाईंना मी कधी धावताना पाहिलं नव्हतं.

"डॉक्टर आगटे! बघा! फोइएद हेक, क्रा एफ्फो!"

आज इथे, उद्या जाईन.

संस्थेत केक आला. आंके नावाची एक मुलगी तिथे डॉक्टरेट करत होती, हुशार, दीड वर्षं विषयासाठी चाचपडणारी; तिला तिथल्या तिथे प्रबंधाचा मुख्य भाग मिळाला. फ्राउ केलर म्हणाल्या, सरांच्या पंच्याहत्तरीला एक गौरवग्रंथ काढू, पहिला लेख या प्याल्यावर. आंके सरांचा हात हातात घेऊन म्हणाली, "चांदणी गेली, डॉक्टर आगटे!"

सरांनी हात सोडवून घेतला. प्याला भिंगाखाली धरून ते बराच वेळ बसले. केकला त्यांनी हात लावला नाही. सगळे गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोमणबाई, हे फार चांगलं जमलंय."

"म्हणजे काय, सर?"

"म्हणजे मला हवं तेच आहे. माणसाला हवं तेच मातीतून निघालं, की आधी माती तपासावी."

माती तपासली गेली. प्रयोगशाळेने सांगितलं, प्याला खरोखर जुना, हजारो वर्षांचा. सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला. सर म्हणाले, "प्याला जुना आहे हे मीही म्हणतो. अक्षरं कधीची?" त्यावर प्रयोगशाळेला काही ठाम सांगता येईना. सर रोज नवी शंका काढू लागले. अक्षरांची तिरकी रेघ एकसारखी का? वाक्य आधीच्या प्रसिद्ध प्याल्यासारखंच का? त्या दंतवैद्यांनी तो कुणाकडून घेतला? एका व्यापाऱ्याकडून. व्यापारी कुठे आहे? वारला. "सोयीस्कर वेळी वारला," सर म्हणाले.

हळूहळू संस्थेची हवा बदलली. आंके सरांशी बोलेनाशी झाली. "त्यांना आनंद सोसत नाही," ती मला एकदा जिन्यात म्हणाली. "आणि माझं वर्ष वाया चाललंय." कुणीतरी हेही बोललं की म्हाताऱ्याला शोध स्वतःच्या नावावर हवाय. आणि मग, कोण पहिलं म्हणालं ते ठाऊक नाही, पण कुजबूज सुरू झाली: जगात या शब्दाची गरज एकाच माणसाला होती. प्याला खोटा असेल, तर तो केला कुणी?

मी हे घरी निखिलला सांगितलं. निखिल भांडी लावता लावता म्हणाला, "आल्झो, तर मग सरळ आहे. म्हाताऱ्यानेच केलं असणार. आता भीती वाटतेय म्हणून आधीच ओरडतोय."

"काहीतरी बोलू नकोस."

"मी नाही म्हणत ते वाईट आहेत. तीस वर्षं वाट बघितलेला माणूस आहे."

मी रागावले खरी, पण ते डोक्यात राहिलं. पुढल्या शनिवारी सरांना ताप आला म्हणून डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी दार साखळीच्या फटीपुरतं उघडलं, मला पाहून साखळी काढली, डबा घेतला, आणि खोकल्याची उबळ आली म्हणून दार तसंच सोडून आत गेले. मी आत पाऊल टाकलं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर फुटक्या कुंड्यांचे, कौलांचे तुकडे, एक दाभण, एक टोकदार खिळा. आणि प्रत्येक तुकड्यावर ओरखडून लिहिलेलं: क्रा एफ्फो. क्रा एफ्फो. क्रा एफ्फो.

आतून पाण्याचा आवाज येत होता. मी पावलं न वाजवता बाहेर आले, दार ओढून घेतलं, आणि ट्रामच्या थांब्यापर्यंत जवळजवळ पळत गेले.

तीन आठवडे मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. कुणाला सांगितलं नाही, त्यांनाही विचारलं नाही. ते 'सोमणबाई' म्हणून हाक मारत तेव्हा मी त्यांच्या हातांकडे बघायचे. त्यांच्या अंगठ्यावर ओरखडे होते.

चौथ्या आठवड्यात त्यांनीच दार लावून घेतलं आणि माझ्यासमोर बसले.

"त्या दिवशी तुम्ही माझं टेबल पाहिलंत."

मी हातातलं कार्ड खाली ठेवलं.

"डबा उघडला तेव्हा आमटी चटका बसेल इतकी गरम होती, म्हणजे तुम्ही लगेच गेला होतात. मराठी बाई तापाच्या माणसाकडे डबा देऊन दोन मिनिटांत जात नाही. भाजलेल्या मातीवर नवी रेघ कशी उठते, ते मी बघत होतो. कडा कशा उडतात. पन्नास वेळा करून पाहिलं. प्याल्यावरच्या कडा तशाच उडाल्यात. पण हा पुरावा नाही. हे फक्त मला पटलंय." मग त्यांनी खिशातून तो लेख काढला, त्यांची स्वतःची प्रत, पिवळी पडलेली. "हे बघा. पान उलटा. तळटीप."

सबंध लेखात तो शब्द एकदाच आला होता, त्या तळटीपेत. छापलं होतं एफ्फो. दोन फ. आणि त्यातला एक फ जुन्या निळ्या शाईने काटला होता.

"मी एफ्फो कधी लिहिलंच नाही. मी एफो लिहिलं. त्या काळात ते लोक एकच अक्षर लागोपाठ दोनदा सहसा लिहीत नसत. ही छपाईची चूक. त्या अंकानंतर ते नियतकालिक बंद पडलं, शुद्धिपत्र निघालं नाही. म्हणजे हा प्याला ज्याने लिहिला, त्याने फालिस्कन वाचलेलं नाही. त्याने माझा लेख वाचलाय. चुकीसकट."

मी खुर्चीतून उठलेच. "मग सर, हे दाखवा ना फ्राउ केलरना!"

"दाखवलं. परवा." त्यांनी प्रत मिटली. "त्या म्हणाल्या, 'डॉक्टर आगटे, शाई कधीची आहे?' बरोबर विचारलं. मीही हेच विचारलं असतं."

मूळ हस्तलिखिताची टंकलिखित प्रत छापखान्यात गेली होती. दुसरी, कार्बन प्रत? सर खिडकीबाहेर बघू लागले. "ती हानेलोरेकडे असेल. नसेलही. तिने फेकली असेल. टंकलेखन तिने केलं होतं."

हानेलोरे त्यांची घटस्फोटित पत्नी, हे मला तेव्हा कळलं. त्या हॅनोव्हरला राहत होत्या. वीस-एक वर्षं दोघं बोलले नव्हते.

"तुम्ही याल का बरोबर?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्याकडून प्रश्नार्थक वाक्यं पुष्कळ ऐकली होती, विनंती पहिल्यांदा.

शुक्रवारी आम्ही निघालो. हॅनोव्हरमध्ये तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार उघडलं ते एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईंनी, एका हातात काठी. त्यांनी सरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पाय पुसून ये," त्या म्हणाल्या.

सरांनी पाय पुसले. मग बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही साक्षीदार म्हणून आलात?"

मी 'हो' म्हटलं, कारण ते खरंच होतं.

कॉफी झाली. सरांना विषय काढता येईना. हवा, गाडी, जिना यांवर दोन-दोन शब्द बोलून ते थांबायचे. शेवटी हानेलोरेबाईच म्हणाल्या, "फोनवर तू 'तळटीप' एवढंच म्हणालास. म्हणजे त्या फबद्दल आलायस."

"कार्बन प्रत आहे का तुझ्याकडे?"

बाई उठल्या, काठी टेकत आतल्या खोलीत गेल्या आणि एक करडा ओर्डनर घेऊन आल्या, सरकारी कागदपत्रं लावून ठेवतात तसली जाडजूड फाइल. आत फारसं काही नव्हतं. कार्बन प्रतीची सतरा पानं आणि एक पोस्टकार्ड.

सरांनी थेट तळटीप काढली. एफो. एकच फ.

पोस्टकार्ड मी वाचलं, कारण सरांनी चष्मा काढून ठेवला होता. छापखान्याचं होतं. 'आदरणीय फ्राउ आगटे, आपल्या तक्रारीनुसार तपासणी केली. आपलं टंकलेखन अचूक होतं. जास्तीचा फ आमच्या खिळे जुळवणाऱ्या कामगाराच्या हातून पडला. दिलगीर आहोत.' वर तिकीट, तिकिटावर शिक्का, शिक्क्यावर साल.

"हे तुझ्या नावावर का?" सरांनी विचारलं.

"कारण मी पत्र लिहिलं होतं. तू तेव्हा काय म्हणाला होतास, आठवतं?"

बाई माझ्याकडे बघून सांगू लागल्या. "हा म्हणाला, फ मी दोनदा दाबला. मुद्दाम. याला हैदराबादला परिषदेला जायचं होतं आणि मला ते नको होतं, म्हणून मी याचा लेख बिघडवला. चार महिने रोज. बोटं कशी ठेवतेस ते दाखव, असं म्हणून मला यंत्रासमोर बसवायचा." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मी तेव्हा कुणाशी तरी हे बोलले असते, तर लोक म्हणाले असते, एका अक्षरावरून कुणी घर मोडतं का?"

"हे तुझ्याकडे होतं," सर सावकाश म्हणाले, "तर मला दाखवलं का नाहीस?"

"दाखवलं असतं, तर तू काय म्हणाला असतास?"

सरांनी पोस्टकार्ड उचललं. मला वाटलं, आता ते उजेडात धरतील. त्यांनी धरलं नाही. मांडीवर ठेवलं आणि त्यावर पालथा हात ठेवून बसले.

"खोटं आहे म्हणालो असतो," ते म्हणाले.

"मग कशाला दाखवायचं? जपून ठेवलं. माझ्यापुरतं."

खाली रस्त्यावरून ट्राम गेली, कपबश्या किणकिणल्या. सर जर्मनमध्ये काहीतरी बोलायला लागले, वाक्य अर्धवट राहिलं. मग मराठीत, अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "चुकलो गं."

हानेलोरेबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाला?"

मी सांगितलं.

"'गं' म्हणजे काय?"

ते मला नीट सांगता येईना. मी म्हटलं, "बायकोला, बहिणीला, मैत्रिणीला म्हणतात. जवळच्या बाईला."

बाईंनी ओर्डनर सरांकडे सरकवला. "घेऊन जा. पण पावती लिहून दे. दोन्ही वस्तू परत हव्यात."

सरांनी पावती लिहिली. बाईंनी ती दोनदा वाचली.

परतीच्या गाडीत फ्रांकफुर्टच्या अलीकडे कुठेतरी मी धीर केला. "सर, मला तुमचा संशय आला होता. प्याल्याबद्दल."

"माहीत आहे."

"तीन आठवडे."

"चांगलं केलंत." ते ओर्डनर मांडीवर धरून बसले होते. "मला मात्र तुमच्यासारखं करता आलं नाही. तुम्हाला संशय आला, तर तुम्ही गप्प राहून बघत राहिलात. मला आला, तेव्हा मी निकाल देऊन टाकला."

सोमवारी फ्राउ केलर यांच्या खोलीत बैठक झाली. सरांनी कार्बन प्रत मांडली, पोस्टकार्ड मांडलं, आणि पाच मिनिटांत थांबले. फ्राउ केलर यांनी पोस्टकार्ड उचललं आणि खिडकीशी नेऊन शिक्का तपासला. सरांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. बाई परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "लेख थांबवू या."

प्याला दंतवैद्यांकडे परत गेला. त्यांनी फारशी कुरकुर न करता तो नेला, त्यावरही सरांनी एक भुवई उंचावली. अक्षरं कुणी कोरली, ते कधीच कळलं नाही. गौरवग्रंथाचा विषय पुन्हा निघाला नाही. एफोवरची चांदणी जिथे होती तिथेच राहिली, आणि ती कायम राहावी म्हणून झटलेला माणूस तो शब्द शोधणाराच होता. जिन्यात एक-दोघं तरीही म्हणत राहिले की हा सगळा म्हाताऱ्याचाच खेळ असेल, आधी करायचं आणि मग पकडून दाखवायचं. मी ते सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचार केला. "शक्य आहे," ते म्हणाले. "त्यांच्या जागी मी असतो तर ही शक्यता सोडली नसती."

खरी पोळली ती आंके. तिचा अर्धा प्रबंध गेला. त्या दिवशी ती वाचनाच्या खोलीत पाठ करून बसली होती, खांदे हलत होते. सर दारात घुटमळले, आत गेले, आणि किल्ल्यांचा जुडगा तिच्यासमोर ठेवला. सगळ्या खणांच्या किल्ल्या.

"यात तीस वर्षांचं काम आहे. न छापलेलं," ते म्हणाले. "आणि माझ्या चुका आहेत. कुठे आहेत ते मला ठाऊक नाही, नाहीतर मी दुरुस्त केल्या असत्या. त्या शोधा. तो प्रबंध होईल."

आंकेने डोळे पुसून विचारलं, "आणि नाही सापडल्या तर?"

"मग तुम्ही नीट शोधलं नाहीत."

तिला बेचाळीस सापडल्या. प्रबंध झाला. सरांनी प्रत्येक चुकीवर तिच्याशी भांडण केलं, आणि एकोणचाळीस मान्य केल्या.

दोन वर्षांनी सर हायडेलबर्ग सोडून निघाले. हॅनोव्हरला. हानेलोरेबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, जिना चढवत नव्हता, आणि मागची खोली रिकामी होती. "तिनेच बोलावलं," सर मला म्हणाले. "का, ते अजून कळलेलं नाही. तिथे गेल्यावर बघेन."

जानेवारीतली सकाळ होती. मी ईराला घेऊन स्टेशनवर गेले. सरांच्या दोन पेट्या आणि बोहारणीच्या बोचक्यासारखं एक गाठोडं वर चढवलं. मी बेसनाचे लाडू दिले, ते त्यांनी न विचारता पिशवीत टाकले. मानहाइमपर्यंतची ती जुन्या डब्यांची गाडी होती. आत ऊब, बाहेर बर्फ, काचा वाफेने पांढऱ्या झालेल्या. सर खिडकीशी जाऊन बसले आणि दिसेनासे झाले.

मग काचेवर आतून एक बोट आलं. फालिस्कन लोक उजवीकडून डावीकडे लिहायचे, अक्षरंही उलटी, आरशात दिसतात तशी; सरांचा हात त्याला सरावलेला. त्यांनी तसंच लिहिलं, पण देवनागरीत. सावकाश, उलटं, त्यांच्या उजवीकडून. शेवटी शिरोरेघ ओढली. बाहेरून मला ते सरळ वाचता आलं.

ईराने माझा हात ओढून जर्मनमध्ये विचारलं, काय लिहिलंय.

"येतो," मी म्हटलं.

ती गोंधळली. "आबर एर गेट दोख!" म्हणाली. पण ते तर जातायत!

"आपल्याकडे निघताना असंच म्हणतात."

अक्षरांच्या रेघांतून सरांचा एक डोळा बाहेर बघत होता. मी मान हलवली. मी वाचलं याची त्यांना खात्री पटेपर्यंत मला ती दोनदा हलवावी लागली. मग शिट्टी झाली, गाडी हलली, आणि सरांनी कोटाच्या बाहीने काच पुसून टाकली.